फुलामागची माणसं

मार्च २०२५ मधली गोष्ट. बर्मिंगहॅमला ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा चालू होती आणि एका रांगेत आम्ही तीन पिढ्या बसलो होतो: मी, माझी मुलगी मृणाल आणि तिचा नऊ वर्षांचा ईशान. सौ.ने "इतके तास त्या खुर्चीत बसायला माझी पाठ तयार नाही" असं सांगून घरी राहणं पसंत केलं. डबा मात्र दिला होता. त्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आम्ही गाडीतच संपवल्या.

कोर्टवर सिंगापूरची यो जिया मिन आणि भारताची मालविका बनसोड यांचा पहिल्या फेरीचा सामना होता. ईशानने फलकावरचं नाव अडखळत वाचलं आणि विचारलं, "आजोबा, ही कुठली?"

"नागपूरची," मी जरा छाती फुगवूनच म्हटलं. "आपल्या नागपूरची."

"म्हणजे तुम्ही ओळखता तिला?"

नागपुरात वीस लाखांहून जास्त माणसं राहतात आणि मी धरमपेठ सोडली तेव्हा या मुलीचा जन्मही व्हायचा होता, हे त्याला समजावेपर्यंत पहिला गेम संपत आला. मालविकाने तो २१-१३ असा घेतला, दुसरा १०-२१ असा गमावला आणि तिसरा २१-१७ असा जिंकला. जागतिक क्रमवारीत तिच्यापेक्षा बरीच वर असलेली खेळाडू हरली होती. आम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्या. बसता बसता ईशानने दुसरा प्रश्न टाकला: "इथे खेळायला मिळण्यासाठी काय करावं लागतं?"

"खूप प्रॅक्टिस," मी म्हणालो.

मृणालने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान पुन्हा कोर्टकडे वळवली. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला. आपण नातवाला खरं उत्तर दिलेलं नाही, हेही कळलं. ते उत्तर इथे द्यायचा प्रयत्न करतो आहे. थोडं लांबेल, पण ज्यांची मुलं शनिवार-रविवारी लेझर सेंटरच्या हॉलमध्ये रॅकेट घेऊन जातात, अशी कुटुंबं आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. त्यांना ते उपयोगी पडावं.

आधी थोडा इतिहास, कारण तो निम्मा आपला आहे. १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याचे सुरुवातीचे नियमही तिथेच बांधले गेले. खेळाला तेव्हा 'पूना' असंच म्हणत. हे अधिकारी मायदेशी परतले, खेळ त्यांच्याबरोबर आला आणि ग्लॉस्टरशरमधल्या ड्यूक ऑफ ब्यूफोर्टच्या बॅडमिंटन हाउसवरून त्याला आजचं नाव मिळालं. १८९३ साली इथली बॅडमिंटन असोसिएशन स्थापन झाली, १८९९ साली पहिली ऑल इंग्लंड स्पर्धा भरली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात महिला एकेरीचा समावेश झाला. बरीच वर्षं वेम्बलीला भरणारी ही स्पर्धा १९९४ पासून बर्मिंगहॅमला भरते. थोडक्यात, पुण्यात वाढलेला हा खेळ इंग्लंडात आला आणि नाव बदलून राहिला. यात नवल नाही. इथल्या लोकांना उच्चारता यावं म्हणून आपल्या नावाचं शेपूट छाटून घेतलेले दहा जण तरी मी याच मंडळात मोजून दाखवीन.

आता खेळाविषयी. एकेरीत एका खेळाडूच्या वाट्याला सुमारे पावणेसात मीटर लांब आणि सव्वापाच मीटर रुंद एवढी जागा येते. आपल्या दिवाणखान्यापेक्षा ती फार मोठी नाही. पण तिच्या चारही कोपऱ्यांत पाच-सव्वापाच ग्रॅमचं, सोळा पिसांचं फूल सारखं पडत राहतं, आणि प्रत्येक वेळी तिथे पोचून पुन्हा मध्यावर यायचं असतं. मदतीला जोडीदार नसतो. २००६ पर्यंत महिला एकेरीचा गेम अकरा गुणांचा होता आणि सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळे. त्यामुळे चूक झाली तरी पुष्कळदा फक्त सर्व्हिस जाई. २००६ साली एकवीस गुणांची पद्धत आली आणि प्रत्येक चुकीचा गुण थेट समोरच्या खात्यात जाऊ लागला. दम, वेग आणि डोकं ही तिन्ही तासभर एकाच वेळी शाबूत ठेवावी लागतात.

हा झाला कोर्टवरचा भाग. कोर्टबाहेरचा भाग याहून अवघड आहे आणि प्रेक्षकांना तो दिसत नाही. ऑल इंग्लंडसारख्या वरच्या दर्जाच्या स्पर्धेत महिला एकेरीत फक्त बत्तीस जणी असतात. त्यांत जागा मिळते ती जागतिक क्रमवारीवरून. आणि ही क्रमवारी ठरते मागच्या बावन्न आठवड्यांतल्या सर्वांत चांगल्या दहा स्पर्धांच्या गुणांवरून. म्हणजे वर्षभर देशोदेशी हिंडत राहायला हवं. सुरुवातीच्या लहान स्पर्धांत बक्षिसाच्या पैशातून विमानाचं तिकीट निघेल याचीही खात्री नसते. दुखापत झाली, चार महिने घरी बसावं लागलं, की जुने गुण एकेक करून गळू लागतात. मग प्रश्न येतो, इतकी वर्षं हा भार उचलतं कोण?

याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्पष्ट उदाहरण थायलंडचं आहे. मार्च २०१३ मध्ये मी याच अरेनात सायना नेहवालसाठी तिरंगा घेऊन बसलो होतो. उपांत्य फेरीत तिच्यासमोर रचनोक इंतानोन नावाची अठरा वर्षांची थाई मुलगी होती. तिने सायनाला २१-१५, २१-१९ असं हरवलं. तिरंगा मी घडी करून खिशात ठेवला, पण त्या मुलीच्या मनगटावरून नजर हटत नव्हती. एकाच हालचालीतून फूल मागे जाणार की जाळीलगत पडणार, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळू नये असं ते मनगट होतं. अंतिम फेरीत ती डेन्मार्कच्या टिने बाऊनकडून तीन गेममध्ये हरली. पण त्याच ऑगस्टमध्ये ग्वांगझूला तिने ऑलिंपिक विजेत्या ली शुएरुईला तिच्याच देशात हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवलं. इतक्या लहान वयात एकेरीत जगज्जेतं होण्याचा तो विक्रम होता.

ही मुलगी आली कुठून? तिचे आईवडील बँकॉकमध्ये मिठाईच्या कारखान्यात कामगार होते. 'थोंग योत' नावाची थाई मिठाई असते. अंड्याच्या बलकाचे थेंब साखरेच्या पाकात सोडून ती करतात. आपल्या बुंदीची चुलत बहीण म्हणा. कारखान्यात उकळत्या पाकाच्या कढया आणि त्यांच्या आसपास खेळणारं कामगारांचं लहान मूल, हे मालकीणबाईंना धोक्याचं वाटलं. या बाई म्हणजे कमला थोंगकोन. बॅडमिंटनची त्यांना आवड होती आणि त्यांनी 'बानथोंगयोत' नावाची बॅडमिंटन शाळा चालवली होती. पाच-सहा वर्षांच्या रचनोकला त्यांनी कढयांपासून दूर, कोर्टवर नेलं. तिथे तिला शिये झिहुआ हे चिनी प्रशिक्षक लाभले. २००९, २०१० आणि २०११ अशी तीन वर्षं लागोपाठ ती जागतिक ज्युनियर विजेती झाली. पहिल्या वेळी तिचं वय होतं अवघं चौदा.

पुढची कारकीर्द सरळ चढत गेली असं मात्र नाही. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या वांग शिनविरुद्ध पहिला गेम जिंकून आणि दुसऱ्यात चांगली आघाडी घेऊन ती हरली. हीच वांग शिन पुढे कांस्यपदकाच्या सामन्यात दुखापतीमुळे निवृत्त झाली आणि पदक सायनाला मिळालं. २०१६च्या वसंतात रचनोकने भारत, मलेशिया आणि सिंगापूर या तीन सुपर सिरीज स्पर्धा लागोपाठच्या तीन आठवड्यांत जिंकल्या. असं तोवर कुणालाही जमलं नव्हतं. एप्रिलमध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटनाला तिने थायलंडचा झेंडा धरला आणि स्पर्धेत उपउपांत्य फेरीत ती बाहेर पडली. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये तिची वाट उपांत्यपूर्व फेरीत अडली. पॅरिसपर्यंत चार ऑलिंपिक झाली. पदक एकही नाही.

पण मालकीणबाईंनी उघडलेलं दार एका मुलीपुरतं राहिलं नाही. २०२३चा पुरुष एकेरीतला जगज्जेता आणि पॅरिसचा रौप्यविजेता कुनलावुत वितिदसार्न याच शाळेतला.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईची अपर्णा पोपट आठव्या वर्षी अनिल प्रधान सरांकडे खेळायला गेली. मुलगी वेगळी आहे हे त्यांनी ओळखलं आणि तिला घडवलं. १९९४ साली घर सोडून ती बंगलोरला प्रकाश पडुकोण यांच्या अकादमीत दाखल झाली. १९९६ साली डेन्मार्कमध्ये जागतिक ज्युनियर स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं. त्यानंतर राष्ट्रीय अजिंक्यपद तिने लागोपाठ नऊ वेळा जिंकलं आणि खुद्द प्रकाशच्या नऊ विजेतेपदांशी बरोबरी केली. १९९८ साली क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अंतिम फेरीत तिला हरवणारी केली मॉर्गन ही वेल्सची, म्हणजे आपल्या शेजारची. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अपर्णाला कांस्यपदक मिळालं. २००६ साली मनगटाच्या दुखापतीमुळे ती निवृत्त झाली. वय होतं अठ्ठावीस. आपल्याकडे अठ्ठाविसाव्या वर्षी मुलं नोकरीत जेमतेम स्थिरावलेली असतात. खेळाडूची कारकीर्द तेव्हा संपलेली असते.

आणि मग मालविका. जन्म २००१चा. आईवडील दोघेही दंतवैद्य, म्हणजे घर अगदी आपल्यासारखं: शिकलेलं, कष्टाळू, मुलीच्या मार्कांकडे लक्ष असलेलं. तिने दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षांत नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवले. त्यामुळे 'अभ्यासात बरी नव्हती म्हणून खेळाकडे वळली' असं कुणाला म्हणता येणार नाही. नागपुरात सुरुवात झाल्यावर पुढच्या प्रशिक्षणासाठी ती रायपूरला संजय मिश्रा यांच्याकडे गेली. नागपूर-रायपूर अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. तिच्याबरोबर तिची आई तिकडे राहायला गेली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. दवाखाना, रुग्ण, घर, नवरा हे सगळं एका गावी ठेवून मुलीसाठी दुसऱ्या गावी बिऱ्हाड करायचं म्हणजे काय, ते प्रत्येकाने आपल्या घराशी ताडून पाहावं.

२०१९ साली तिने मालदीव आणि नेपाळमधल्या लहान आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. तिचं नाव घरोघरी पोचलं ते जानेवारी २०२२ मध्ये. दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये या डावखुऱ्या मुलीने सायनाला २१-१७, २१-९ असं हरवलं. त्याच महिन्यात लखनौला ती अंतिम फेरीत पोचली आणि सिंधूकडून हरली. सप्टेंबर २०२४ मध्ये चायना ओपनला तिने पॅरिसची कांस्यविजेती, इंडोनेशियाची ग्रेगोरिया तुनजुंग हिला २६-२४, २१-१९ असं नमवलं आणि पुढच्या फेरीत स्कॉटलंडच्या कर्स्टी गिल्मोरला तीन गेममध्ये. त्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत हायलो ओपनची अंतिम फेरी. मग मार्चमध्ये आम्ही पाहिलेला तो सामना. दुसऱ्या फेरीत मात्र जपानच्या अकाने यामागुचीने तिला सरळ दोन गेममध्ये हरवलं.

जून २०२५ मध्ये जकार्ताला तिची गाठ पडली रचनोकशी. मालविकाने पहिला गेम जिंकला, दुसऱ्यातही ती तोडीस तोड खेळत होती, आणि गुडघा दुखावला. सामना सोडावा लागला. मी घरी बसून तो निकाल वाचला आणि कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. आपण त्या मुलीला ओळखत नाही, तरीही.

सगळं आईवडिलांनी किंवा मालकीणबाईंनीच करायचं का, सरकार कशाला आहे, असं कुणी विचारील. इथलंच उदाहरण देतो. रिओ ऑलिंपिकमध्ये मार्कस एलिस आणि ख्रिस लँग्रिज यांनी ब्रिटनला पुरुष दुहेरीत कांस्यपदक मिळवून दिलं. चारच महिन्यांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, यू.के. स्पोर्टने टोकियोपर्यंतच्या काळासाठी बॅडमिंटनचं अनुदान बंद केल्याचं जाहीर केलं. पुढच्या पदकांची शक्यता कमी, असा हिशेब होता. पदक हातात असताना ही गत, तर चौदा वर्षांच्या मुलीवर कोण पैसे लावणार? तेवढ्या वयात शक्यता फक्त जवळच्या माणसाला दिसते.

आता माझ्या घरचं सांगतो. हे लिहायला मी महिनाभर टाळाटाळ केली.

मी १९८४ साली इंजिनियर म्हणून कॉव्हेंट्रीला आलो. मृणाल इथे जन्मली. आठव्या वर्षी रॅकेट हातात घेतलं आणि बाराव्या वर्षी ती काउंटीच्या मुलींच्या संघात होती. २००२च्या उन्हाळ्यात, म्हणजे मँचेस्टरला अपर्णा पदक जिंकत होती त्याच सुमारास, तिचे प्रशिक्षक आमच्या घरी आले. विनावेतन शिकवणारे भले गृहस्थ. चहा घेत त्यांनी सांगितलं, की मुलीत गुण आहे. पण आता आठवड्यातून तीन संध्याकाळी साठ मैलांवर सरावाला न्यावं लागेल आणि शनिवार-रविवार स्पर्धांत जातील. पुढच्या वर्षी जी.सी.एस.ई. होती. माझी शिफ्ट होती, हिची नोकरी होती, घराचे हप्ते होते. मी प्रशिक्षकांचे मनापासून आभार मानले. ते गेल्यावर मृणालने विचारलं, "मग बाबा?" मी म्हटलं, "बघू."

मंडळी, आपल्या भाषेत सभ्यपणे नकार देण्यासाठी हा एकच शब्द पुरतो. सप्टेंबरात विचारलं, "परीक्षेनंतर बघू." परीक्षेनंतर, "ए लेव्हल होऊ दे, बघू." मग तिने विचारणं सोडलं. ती आज फार्मासिस्ट आहे, सुखात आहे. तिच्या बॅडमिंटनचा विषय निघाला, की मी इतकी वर्षं चारचौघांत सांगत आलो, "तिलाच पुढे रस राहिला नाही."

त्या मार्चच्या रात्री परत येताना ईशान मागच्या सीटवर झोपला होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला वाईट वाटतं का गं, तेव्हा सुटलं त्याचं?"

मृणालने जरा वेळ गाडी चालवली. मग म्हणाली, "मी काही मालविका झाले नसते बाबा. तेवढी चांगली मी नव्हतेच बहुतेक. पण तुम्ही नाही म्हणाला असतात ना, तर मी भांडले असते. तुम्ही कधी नाही म्हणालाच नाहीत."

यावर मला काही बोलता आलं नाही. एम६ वरचे दिवे मोजत बसलो.

प्रत्येकाने घरदार सोडून मुलांच्या मागे धावावं, असं मी सांगणार नाही. रायपूरला बिऱ्हाड करणारी आई हजारांत एखादी, आणि तसं करूनही गुडघा ऐन वेळी दगा देऊ शकतो. रचनोकसारख्या खेळाडूलाही पॅरिसपर्यंत ऑलिंपिक पदक मिळालं नाही, मग बाकीच्यांचं काय सांगावं? परवडणार नसेल, झेपणार नसेल, तर मुलाला समोर बसवून तसं स्पष्ट सांगावं. पैसे, वेळ, अंतर, सगळा हिशेब त्याच्यापुढे मांडावा. त्याला रागावू द्यावं, भांडू द्यावं. त्या भांडणातून एखादी वाट निघतेही: आठवड्यातून तीनऐवजी एक संध्याकाळ, शेजारच्या कुटुंबाबरोबर वाटून घेतलेली गाडी, मंडळातला एखादा निवृत्त काका. मला तेव्हा यातलं काहीच सुचलं नाही, कारण प्रश्न मी कुणापुढे मांडलाच नव्हता.

निवृत्त काकाचं म्हणाल, तर ती जागा सध्या भरलेली आहे. ईशानने एप्रिलमध्ये विचारलं, की गुरुवारच्या क्लासला कोण नेईल. त्याच्या आईला त्या दिवशी उशीर होतो. "बघू" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तेव्हापासून दर गुरुवारी साडेपाचला मी त्याला घेऊन जातो. हॉलमध्ये थंडी असते, बाक टणक आहे आणि चहाचं यंत्र बहुधा बिघडलेलं असतं. नातवाचा बॅकहँड अजून कच्चा आहे.